ओढतो, पण थांबतो का?

‘ओढतोय की मस्त!’ हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. टेक्सासात राहून मला १९ वर्षं झाली. एवढ्या काळात ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांनी कॅम्पर घेतला, बोट घेतली, कुणी गावाबाहेर पाच एकर घेऊन छोटा ट्रॅक्टर आणि तो वाहून न्यायला ट्रेलर घेतला. हे सगळं ओढायला जुना पिकअप घेताना जवळजवळ प्रत्येकाने एकच परीक्षा घेतली. मागे ट्रेलर अडकवला, पाय दाबला, गाडी पुढे गेली, पास. लॅपटॉप घेताना ज्याने तीन आठवडे तक्ते मांडले होते, तोच माणूस चार टनांचं ओझं मागे बांधून, बायकापोरांना बसवून हायवेला लागणार असतो. आणि त्या गाडीबद्दल त्याला ठाऊक काय, तर ती पुढे जाते!

पुढे काहीही जातं. वाळवा तालुक्यातल्या फडातून माझे वडील ३५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून निघायचे. ट्रॉल्यांना ब्रेक नावाची गोष्ट नव्हती. उतार यायच्या कितीतरी आधी आण्णा गिअर खाली घ्यायचे. मी लहान होतो, मला घाई असायची. ते म्हणायचे, “वढायला काय, कुनीबी वढतंय. आवरतं कोन, त्ये बघ.” हे वाक्य ऐकत वाढलेला मी अमेरिकेत येऊन नेमकं तेच विसरलो, आणि ते मला न्यू मेक्सिकोच्या डोंगरात आठवलं.

क्लाउडक्रॉफ्ट हे साडेआठ हजार फुटांवरचं गाव. तिथून यूएस ८२ हा रस्ता खाली अलामोगोर्डोला उतरतो. सोळाएक मैलांत चार हजार फुटांहून जास्त उतार. माझ्याकडे ‘हाफ टन’ वर्गातला, वापरलेला पिकअप होता आणि मागे ९,००० पौंडांचा कॅम्पर. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, दहा हजार पौंड ओढेल. कागदावरही तसंच होतं. चौथ्या मैलाला करपल्याचा वास आला. मागच्या सीटवरून सात वर्षांच्या मुलीने विचारलं, “बाबा, काय जळतंय?” मी ब्रेक दाबला तर पेडल लोण्यासारखं मऊ. आणखी एक वळण, आणि ते फ्लोअरला टेकायला लागलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत होतं, मी हँडब्रेक धरून उजवी चाकं कडेच्या खडीत घातली आणि डोंगराच्या बाजूला गाडी अक्षरशः घासत थांबवली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. बायको मुलीला घेऊन रस्त्यापासून लांब एका दगडावर जाऊन बसली. दीड तास ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

कॅम्परला स्वतःचे विजेचे ब्रेक होते. ते चालवणारा कंट्रोलर पिकअपमध्ये ‘बसवून दिलाय’ असं मला विकताना सांगितलं होतं. खाली वाकून टॉर्च मारला तेव्हा कळलं, की डबी डॅशबोर्डला स्क्रूने बसवलेली आहे आणि ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी निळी वायर कशालाच जोडलेली नाही. तिचं टोक टेप गुंडाळून तसंच लोंबत होतं. ज्याने ती टेप गुंडाळली, त्याला ठाऊक होतं आपण काय करतोय. त्याला मी आजही माफ केलेलं नाही. आणि ती वायर एकदाही न बघता चावी खिशात घालणाऱ्या मलाही नाही.

तर मुद्दा एवढाच आहे: ओढण्यासाठी जुनी गाडी घेणाऱ्याने ओढण्याची ताकद सगळ्यात शेवटी बघायची असते. आधी बघायचं ती ओझं पाठीवर पेलते का आणि उतारावर आवरते का. जाहिरातीत मात्र आकडा असतो तो ओढण्याचा, मोठ्या टायपात. पेलण्याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एका स्टिकरवर असतो, आणि दार तर आपण गाडीत बसायलाच उघडतो.

त्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. माझ्या त्या पिकअपवर १,४५० पौंड होतं. आता हिशेब करा. बॉलवर अडकवायच्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन पिकअपच्या हुकावर येतं, आणि ते यायलाच हवं. कमी आलं तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो. ९,००० चे १२ टक्के धरले तरी १,०८० पौंड. वजन वाटून देणारा हिच शंभर पौंडांचा. उरले २७०. त्यात मी, बायको, मुलगी, मागचा बर्फाचा खोका, पाण्याचे कॅन. हुक लावायच्या आधीच मी हरलो होतो. चौथीतल्या पोराला जमेल अशी ही वजाबाकी आहे. विकणारा ती करून दाखवत नाही, कारण केली तर गिऱ्हाईक उठून जाईल. पण इंजिनिअर म्हणवणारी आपली माणसं ती का करत नाहीत?

जुन्या गाडीच्या जुन्या माहितीपत्रकावर तर अजिबात जाऊ नका. ओढण्याचा आकडा ठरवायची सगळ्यांना सारखी अशी कसोटी अमेरिकेत फार उशिरा आली. एसएई जे२८०७ हे तिचं नाव. ती पहिल्यांदा टोयोटाने २०११ च्या मॉडेलांना लावली, बाकीचे पुढच्या काही वर्षांत रखडत आले. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमपासून वर जाणारा ११.४ मैलांचा घाट, बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर ऊन, एसी पूर्ण चालू, आणि तरी ठरलेल्या वेगाखाली यायचं नाही, अशी ती परीक्षा. त्याआधी प्रत्येक कंपनी आपला पेपर आपणच काढायची आणि आपणच तपासायची. २००५ च्या गाडीचा आकडा २०१८ च्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांना काय म्हणावं?

मग माणूस शहाणा होतो आणि हेवी ड्युटीकडे वळतो: फोर्डचे एफ-२५० आणि एफ-३५०, शेव्ही, जीएमसी आणि रॅमचे २५०० आणि ३५००. इथपर्यंत बरोबर. पुढे मात्र बहुतेक जण डिझेलच्या पायाशी लोटांगण घालतात. डिझेल म्हणजे दम, डिझेल म्हणजे दहा लाख मैल, डिझेल म्हणजे मर्दपणा. माझं म्हणणं ऐका: वर्षातून सहा वेळा कॅम्पर ओढणाऱ्या आणि एरवी मुलाला पोहायच्या क्लासला सोडणाऱ्या माणसाला डिझेल नको आहे. २००७ नंतरच्या डिझेलला धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला इंजिन नीट तापून बराच वेळ पळावं लागतं. दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत तो तुंबतो. शिवाय डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा शेकड्यांनी पौंड जड. एफ-२५० सारख्या गाडीची एकूण वजनाची मर्यादा बहुधा दहा हजार पौंडांवर बांधलेली असते, म्हणजे ते जादा लोखंड तुमच्याच पेलण्याच्या आकड्यातून वजा होतं. त्याच गाडीचं साधं पेट्रोल मॉडेल कधी कधी जास्त वजन पाठीवर घेतं. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. दार उघडा आणि वाचा.

आणि ‘कंपनी चांगली आहे’ ही दुसरी अंधश्रद्धा. कंपनी चांगली-वाईट असते कुठे? वर्ष चांगलं-वाईट असतं. फोर्डच्याच बिल्ल्याखाली १९९४ ते २००३ दरम्यान आलेलं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक घ्या. आवाज ट्रॅक्टरसारखा, वेग यथातथा, पण लोक आजही त्यासाठी जादा पैसे मोजतात. त्याच्या जागी २००३ मध्ये ६.० लिटरचं आलं. ऑइल कूलर तुंबतो, मग ईजीआरचा, म्हणजे धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेचा कूलर फुटतो, मग हेड गॅस्केट जातं. सिलिंडरमागे चारच हेड बोल्ट, त्यात कुणी जास्त ताकदीचं ट्यूनिंग केलेलं असलं की संपलंच. बिल्ला तोच. जीएमच्या ड्युरामॅक्सचंही तसंच: २००१ ते २००४ च्या इंजिनांचे इंजेक्टर इतके बिघडले की कंपनीला त्यांची वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली, आणि त्याच घराण्यातलं २००६-०७ चं इंजिन मेकॅनिक लोक डोक्यावर घेतात.

कमिन्सचं नाव काढलं की आपली मंडळी भावुक होतात. होणारच. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, कोथरूडच्या त्या कारखान्यावर किती घरं उभी राहिली त्याची गणती नाही. माझा सख्खा मामा तिथून निवृत्त झाला. पण मामाच्या नावाने गाडी घेता येत नाही. डॉजच्या रॅममधलं १२ व्हॉल्व्हचं जुनं ५.९ कमिन्स खरोखर खडकासारखं आहे. मात्र नव्वदच्या दशकात त्याच्या मागे जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावला होता, तो त्या इंजिनाचा जोर सोसण्याच्या लायकीचा नव्हता. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत त्याच ५.९ च्या पुढच्या, २४ व्हॉल्व्हच्या अवताराला जो व्हीपी४४ डिझेल पंप आला, तो तर हमखास जाणारा भाग म्हणूनच ओळखला जातो.

पंपावरून आठवलं. बॉशचा सीपी४ नावाचा पंप २०११ पासून फोर्डच्या ६.७ मध्ये आला, २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्येही होता. युरोपात डिझेलच्या वंगणपणाची अट अमेरिकेपेक्षा कडक आहे. इथल्या कोरड्या डिझेलवर हा पंप आतून झिजला की धातूचा चुरा टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळीकडे जातो, आणि मग सगळंच बदलायचं. बिल दहा हजार डॉलरच्या घरात. रॅमने हाच पंप २०१९ आणि २०२० च्या गाड्यांना लावला, पुढे त्या गाड्या परत बोलावल्या आणि कंपनी पुन्हा जुन्या पंपाकडे गेली. जुन्या डिझेलची किंमत सांगताना विकणारा यातलं काही बोलतो का?

एका गोष्टीवर मात्र माझा तोल जातोच. ‘डिलीट केलेली आहे साहेब, आता कटकट नाही.’ म्हणजे काजळीचा फिल्टर कापून काढला, ईजीआर बंद केला, कॉम्प्युटरला खोटं बोलायला शिकवलं. हे बेकायदेशीर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली जो अहवाल दिला, त्यात दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपांशी असा खेळ झाल्याचा अंदाज होता. म्हणजे बाजारात हा माल भरपूर आहे. ही गाडी घेणारा दोनदा फसतो. एक तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ती प्रदूषण तपासणीत पासच होणार नाही. दुसरं, ज्याने हे केलं त्याने त्याबरोबर ताकदही वाढवून घेतलेली असते, आणि ती ताकद त्याने वापरलेली असते. आणि तिसरा फसतो तो तुमच्या मागून येणारा, ज्याच्या गाडीत दम्याचं पोर बसलंय. ती काजळी त्या पोराच्या छातीत जाते. यावर मला कुणाचं ‘पण मायलेज वाढतं हो’ ऐकायचं नाही.

मग घ्यायचं काय? मी सांगतो आणि लोक तोंड वाकडं करतात: साधं, कंटाळवाणं, मोठं पेट्रोल इंजिन. जीएमचं ६.० लिटर, लोखंडी ब्लॉकचं, वर्षानुवर्षं २५०० मध्ये आलं. फोर्डचं ६.२ लिटर. मागे ओझं असताना गॅलनला आठ-दहा मैल देतील, घाटात ओरडतील, उंचीवर ताकद कमी पडेल. पण बिघडलं तर गावातला कुठलाही मेकॅनिक पान्हा लावेल. ज्याला दरमहा बारा-चौदा हजार पौंड डोंगरात न्यायचे आहेत त्याने डिझेलच घ्यावं, उतारावर एक्झॉस्ट ब्रेकसारखं दुसरं सुख नाही. अशी माणसं किती?

आता गाडी बघण्याचं. इथे मी आण्णांचा चेला आहे. जुना ट्रॅक्टर घ्यायला ते नेहमी सकाळी सहाला, न कळवता जायचे. मालक चहा टाकेपर्यंत यांचा हात बॉनेटखाली, थेट ब्लॉकवर. गरम लागला तर चहासुद्धा न पिता परत. इंजिन गार असतानाच खरं बोलतं. मीही वेळ ठरवतो सातची आणि पोचतो पावणेसातला. चालू केल्यावर आण्णा ब्रीदरच्या तोंडावर तळहात धरायचे. वाफेचे फटकारे हातावर बसले की समजायचं, रिंगा गेल्या. पिकअपला मी ऑइल भरायचं झाकण उलटं करून त्या भोकावर नुसतं ठेवतो. शांत बसलं तर ठीक. भाकरी फुगल्यासारखं उडायला लागलं की चावी परत देतो. गिअरबॉक्सची डिपस्टिक असेल तर पुसून नाकाला लावायची. जळक्याचा वास आला तर मागच्या मालकाने काय ओढलं ते त्याला विचारायची गरज नाही.

‘कधी काही ओढलंच नाही’ असं म्हणणाऱ्याच्या गाडीच्या हौद्यात भोकं आहेत का बघा. हौद्यात बसवायच्या फिफ्थ व्हील हिचचे रूळ काढले तरी भोकं राहतात. हिचच्या पिनेचं भोक गोल आहे की अंडाकृती झालंय? टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही नवी असली तरी ओझ्याखाली फुटू शकतो. उत्तरेकडच्या मिठाच्या रस्त्यांवरून आलेली गाडी असेल तर चेसिसवर हातोडी मारून बघा, आणि खाली ताजा काळा रंग दिसला तर तो का दिला ते विचारा. ह्यूस्टनला २०१७ मध्ये हार्वी वादळात बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून कुठल्या कुठल्या राज्यांत गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की पाण्याची रेघ दिसते.

आणि मैलांना भुलू नका, तास बघा. बहुतेक हेवी ड्युटी गाड्यांत इंजिन किती तास चाललं तेही दिसतं. मिडलंड-ओडेसाकडच्या तेलपट्ट्यातली गाडी दिवसभर एसी लावून उभ्या-उभ्या चालते. १ लाख २० हजार मैल आणि ६,००० तास, म्हणजे ताशी सरासरी २० मैल. ज्या गाडीला तेवढ्याच मैलांत ३,००० तास झालेत, तिचं इंजिन हिच्या निम्मं चाललंय. किंमत दोघींची सारखीच मागतात.

मार्चमध्ये नाशिकचा एक मुलगा, नुकतंच बाळ झालेला, मला म्हणाला, “काका, चला ना माझ्यासोबत एकदा.” अडीच तास गाडी चालवून आम्ही पावणेसातला पोचलो. तांबडं, उंच केलेलं, चकचकीत डिझेल. मी ब्लॉकवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. मालक म्हणाला, आत्ताच दूध आणायला गेलो होतो. त्याच्या दारात दुसरी छोटी कार दवात भिजलेली उभी होती, पुसलेली काच एकाही बाजूला नव्हती. पिकअपवर मात्र दव औषधालाही नव्हतं. मुलगा परतीच्या वाटेवर माझ्यावर चिडला होता. मी चिडू दिलं.

मे महिन्यात त्याने पांढरं, चपटं, आधी पाणीपुरवठा खात्याकडे असलेलं पेट्रोल २५०० घेतलं. बायकोला ते आवडलं नाही. सर्व्हिसची प्रत्येक पावती फाइलमध्ये होती. पहिल्या सहलीला निघायच्या आदल्या शनिवारी तो सगळं सामान, पाणी, बाळाची सीट, बायको, सगळं भरून, कॅम्पर जोडून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गेला. पंधरा डॉलरच्या आसपास लागतात. उसाच्या काट्यावर रात्र काढलेल्या माणसाला काट्याची किंमत सांगावी लागत नाही, पण हा मुलगा तर शहरात, नाशिकच्या गंगापूर रोडवर वाढलेला. त्याने मला पावतीचा फोटो पाठवला: पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर. शेजारी दाराच्या चौकटीतल्या स्टिकरचा फोटो. खाली स्वतः पेनने केलेली वजाबाकी होती, आणि मागच्या ॲक्सलवर ३८० पौंड अजून शिल्लक होते.